ऐकणारे पुष्कळ, जपणारे कोण?

२०२० सालच्या मार्च महिन्याच्या २५ तारखेस देशभर टाळेबंदी लागू झाली आणि जळगाव-धुळ्याकडील सुशिक्षित कुटुंबें घरांत कोंडलीं गेलीं. वर्तमानपत्रांतील रोजचे आंकडे वाचून मन भेदरलें, तेव्हां पुष्कळांनीं मोबाइलच्या पडद्यावर जुन्या मैफलींचा आश्रय घेतला. भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर यांपैकीं एकही गवई हयात नव्हता. पण यूट्यूबच्या द्वारें ते सारे खानदेशांतल्या घराघरांतून पुन्हा गाऊं लागले. तें संकट ओसरलें. ऐकण्याची संवय मात्र राहिली. आतां या संवयीला नाकें मुरडणारा एक वर्ग दिसूं लागला आहे. त्याचें म्हणणें खोडून काढणें, आणि तें खोडतांना आपल्या ऐकण्यावरच संतुष्ट असलेल्या श्रोत्यांनाही दोन शब्द सुनावणें, असा प्रस्तुत लेखाचा दुहेरी हेतु आहे.

आक्षेपकांचा पहिला मुद्दा असा कीं, मैफल ही समोर बसून ऐकावयाची वस्तु आहे. यंत्रांतून येतो तो तिचा नुसता सांगाडा. हें बोलणें पुण्यामुंबईच्या रसिकाला शोभून दिसतें. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ सालीं पुण्यास सुरू झाला. पुणेकराला तो हांकेच्या अंतरावर. जळगावाहून मुंबई चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. धुळेकराला तर आगगाडीनें निघावयाचें म्हणजे वर्षानुवर्षें आधीं चाळीसगांव गांठावें लागे. ज्याच्या वाट्याला समोर बसण्याचें भाग्य क्वचितच आलें, त्याला समोर बसण्याचें माहात्म्य सांगणें म्हणजे उपाशी माणसाला पंक्तीचे शिष्टाचार शिकविणें होय.

शिवाय यंत्रायंत्रांतील भेद या मंडळींच्या ध्यानांत येत नाहीं. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान हिचें गाणें तबकडीवर चढलें, तेव्हांपासून कित्येक वर्षें रागाला तीन-साडेतीन मिनिटांच्या चिमटींत बसावें लागे. ज्यांच्या बालपणाचा कांहीं काळ आपल्या जळगावांत गेला, त्या बालगंधर्वांचीं पदें रंगभूमीवर ‘वन्स मोअर’च्या गजरांत किती लांबत, हें तबकडीवरून कळणें शक्य नाहीं. प्रत्यक्ष मैफलींत टिपलेल्या फितीची गोष्ट निराळी. तींत तंबोरे जुळत आहेत, तबल्यावर हातोडी पडत आहे, मध्येंच कोणी खोकतो, कोणाची ‘वाहवा’ समेच्या आधींच निसटते, आणि त्या साऱ्यांतून राग तासभर आपल्या चालीनें उमलतो. याला सांगाडा म्हणणाऱ्यानें देह कधीं पाहिला आहे काय, अशी शंका येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फुकट ऐकण्याची चटक लागली कीं कलावंताच्या पोटावर पाय येतो, असें म्हणतात. यांत तथ्य आहे. २०२० सालीं कार्यक्रम बंद पडले, तेव्हां सर्वांत आधीं हाल झाले ते साथीदारांचे. कायद्यानेंही सरसकट मोकळीक दिलेली नाहीं: प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरील हक्क ६० वर्षें आणि सादरीकरणावरील कलावंताचा हक्क ५० वर्षें टिकतो. परंतु यावरून निघतें तें इतकेंच कीं, जुनें ऐकणाऱ्यानें नव्याचें देणें चुकवावें. रात्र रात्र फुकट ऐकून जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवाच्या वेळीं सोफ्यावरून न हलणारा रसिक आम्हांला मान्य नाहीं. मात्र त्याच्या आळसाचें पाप जुन्या फितींच्या माथीं मारणें हा न्याय नव्हे.

आतां श्रोत्यांकडे वळूं. वाचकहो, हा ठेवा आपणांपर्यंत पोंचला कसा? कोणी हौशी माणसानें पदरमोड करून यंत्र घेतलें, गवयाच्या पायाशीं बसून फीत भरली, चाळीस वर्षें कपाटांत सांभाळली, आणि त्याच्या मुलानें ती एके दिवशीं जगापुढें मांडली. असा हा सारा डोलारा अनामिकांच्या प्रेमावर आणि एका परदेशी कंपनीच्या मर्जीवर उभा आहे. तिनें उद्यां पान काढून टाकलें, तर आपण दाद कोणाकडे मागणार? इकडे घरोघरच्या फिती दमट कपाटांत बुरशी धरीत आहेत आणि त्या वाजविणारीं यंत्रें दुर्मिळ होत आहेत.

ज्या धुळ्यांत इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२६ सालीं देह ठेवला, त्या धुळ्याला तरी हें सांगावयास नको. वाड्यावाड्यांतून धूळ खात पडलेलीं दप्तरें त्यांनीं पायपीट करून गोळा केलीं. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ आजही तेथें उभें आहे. कागदासाठीं एका माणसानें जें केलें, तें ध्वनीसाठीं दोन जिल्ह्यांनीं मिळून करूं नये काय?

याहून खोल असें एक शल्य आहे. १९४८ च्या सुमारास क्षयानें ग्रासलेले कुमार गंधर्व देवासला अंथरुणास खिळून होते. त्या सक्तीच्या एकांतांत त्यांच्या कानीं माळव्यांतल्या बायांचीं गाणीं पडलीं आणि त्यांतून त्यांनीं नवे राग घडविले. कोंडलेल्या माणसाचा कान असा खिडकीबाहेर गेला. आमचा कान गेला तो पडद्याच्या आंत! कानबाईचीं गाणीं, वहीगायन, जात्यावरच्या अहिराणी ओव्या हें सारें भिंतीपलीकडे असतां, आम्हांपैकीं किती जणांनीं तें त्याच मोबाइलवर टिपून घेतलें? आसोद्याच्या बहिणाबाई १९५१ सालीं वारल्या. सोपानदेवांनीं ओव्या उतरून ठेवल्या म्हणून त्यांचे शब्द १९५२ सालीं छापून निघाले. पण ज्या गळ्यांतून ते आले, तो गळा कागदाला धरून ठेवतां आला नाहीं. तेव्हां साधन दुर्मिळ होतें, ही सबब चालून गेली. आज साधन प्रत्येकाच्या खिशांत आहे.

म्हणून जळगावच्या ज्या विद्यापीठानें २०१८ पासून बहिणाबाईंचें नांव धारण केलें आहे, त्यानें आणि धुळ्याच्या मंडळानें मिळून खानदेशाचें ध्वनिभांडार उभारावें. फितींच्या प्रती कराव्या. प्रत्येकीवर गायक, साथीदार, गांव व तारीख यांची नोंद असावी. हक्क ज्याचा त्याला विचारावा. आणि म्हाताऱ्या गळ्यांना अग्रक्रम द्यावा, कारण फीत कांहीं काळ वाट पाहील, गळा पाहणार नाहीं. ज्यांच्या घरीं फिती आहेत त्यांनीं संस्थांची वाट न पाहतां आजच कपाट उघडावें. दुसऱ्यांनीं जपलेलें ऐकून आपण तो कठीण काळ काढला. पुढच्यांना ऐकण्याजोगें कांहीं जपणें हीच त्या ऋणाची फेड होय.