कंबरदुखी व विजयेचा लेप

आषाढांतील भातलावणी उरकली कीं भोर-वेल्ह्याकडे कंबर धरून न बसलेला शेतकरी विरळा. या दुखण्यावर हल्लीं विजयेचे, म्हणजे भांगेच्या पानांचे, मलम व चिकटपट्ट्या विकावयास येतात. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यानें गांज्याच्या व्याख्येंत फुलोरा धरला असून त्यावांचूनचीं पानें व बी वगळलीं आहेत. म्हणूनच परवाना घेतलेल्या आयुर्वेदीय कारखान्यांस हीं औषधें करतां येतात. यावरून कोणी बांधावर चार रोपें लावूं पाहील, तर त्यानें सावध असावें. झाड लावणें हाच गुन्हा असून त्यास 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी व 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पानेंच खुडावयाचीं होतीं, ही सबब तेथें चालत नाहीं.

बरें, विकतच्या मलमाचा गुण तरी केवढा? त्यांतील द्रव्य कातडीखालीं फारसें खोल जात नाहीं, व कंबरदुखीवरील पुरावा अद्याप तोकडा आहे. चोळतांच थंडावा लागतो तो पुष्कळदां कापराचा किंवा पुदिन्याच्या अर्काचा. (जाहिरातींत हें बारीक अक्षरांतही आढळत नाहीं!) आमच्या मतें ओढ्याकांठच्या निरगुडीचा पाला गरम करून शेकावें, त्यास पैसा पडत नाहीं. मात्र पाय बधिर होऊं लागल्यास निरगुडीवरही विसंबूं नये. त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.