डुक्कर विकताना आजार सांगा

शेडमधले एक डुक्कर तापाने मेले की उरलेली मिळेल त्या भावात काढून टाकावीत, असे पालकाला वाटते. त्यात लबाडीपेक्षा धास्ती अधिक असते. पण अशा घाईच्या विक्रीतूनच रोग गावोगाव पोहोचतो. म्हणून सेलू तालुक्यात वराहांच्या प्रत्येक खरेदी-विक्रीत आजाराची माहिती लेखी द्यायला लावली पाहिजे.

आफ्रिकन स्वाइन फिव्हर २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आढळला. २०२२ मध्ये तो मध्य प्रदेशातील रिवाला पोहोचला. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप संपवतो. त्यावर उपचार नाहीत. लागणीनंतर लक्षणे दिसायला ४ ते १९ दिवस लागू शकतात, त्यामुळे धडधाकट दिसणारे पिल्लूही रोग घेऊन दुसऱ्याच्या दारात जाते. रानडुकरांनाही तो होतो आणि सेलूच्या उशाला तर बोर व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे.

विकणाऱ्याच्या मौनाबद्दल १८७२ च्या करार कायद्यात एक उदाहरण दिले आहे. घोड्यात दोष असल्याचे माहीत असूनही लिलावात विकणारा गप्प राहिला, तर ती फसवणूक ठरत नाही. मात्र 'तुम्ही नाकारले नाही तर घोडा निरोगी समजेन,' असे घेणाऱ्याने म्हटल्यावर विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच धरले जाते. संसर्गाच्या बाबतीत २००९ चा प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायदा याहून पुढे जातो. रोगाची खबर देणे आणि आजारी जनावर वेगळे ठेवणे ही त्यानुसार पालकाची जबाबदारी आहे. रोग ठाऊक असताना जनावर बाजारात आणण्यास मनाई आहे. रेल्वेने किंवा रस्त्याने डुकरे नेताना पशुवैद्यकाचा दाखला लागतो, हा नियमही आहे.

हे नियम व्यवहाराच्या पावतीवर उतरले पाहिजेत. गेल्या तीन आठवड्यांत शेडमध्ये जनावर मेले का? बाहेरून नवीन डुक्कर आणले का? हॉटेलचे उष्टे न उकळता घातले का? या प्रश्नांची उत्तरे आणि विकणाऱ्याची सही पावतीवर असावी. घेणाऱ्यानेही ती मागावी आणि नवीन जनावर काही आठवडे वेगळे ठेवावे.

खरे सांगणारा मात्र उघड्यावर पडता कामा नये. रोग रोखण्यासाठी ठार केलेल्या डुकरांची भरपाई केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी उचलतात. ती वेळेत हाती पडली तरच पालक पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करील. २०२२ मध्ये लम्पीने दगावलेल्या गाईमागे राज्याने ३० हजार रुपये दिले होते. डुकरे पाळणारी बहुतेक कुटुंबे गरीब आहेत. त्यांच्या नुकसानीकडेही तितक्याच तत्परतेने पाहिले पाहिजे. पशुसंवर्धन विभाग, पंचायत समिती आणि नगर पंचायतीने एकत्र बसून ही पावती ठरवावी, आणि तालुक्यात रोग शिरण्याआधी ठरवावी.