साहित्य मिळते, सोबत मिळत नाही

दर वर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाच्या सुमारास, गावोगावी शिबिरे भरतात. तीनचाकी सायकली, कुबड्या, श्रवणयंत्रे वाटली जातात आणि फोटो निघतात. ज्याला सायकल हवी होती त्याला ती मिळाली, हे चांगलेच झाले. पण स्किझोफ्रेनिया किंवा जुनाट नैराश्य असलेल्या माणसाला त्या मांडवात देण्याजोगे काहीच नसते. त्याला हवे असते नियमितपणे घरी येणारे ओळखीचे माणूस. गोळ्या चालू आहेत ना हे विचारणारे, घरच्यांना धीर देणारे, जिल्हा रुग्णालयात सोबत जाणारे. अशी माणसे छोट्या स्थानिक संस्थांकडे आहेत. त्यांच्या पगाराला मात्र देणगीदार मिळत नाही.

कायदा या माणसाच्या बाजूने आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजाराचाही समावेश आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचा आणि समाजात राहण्याचा हक्क दिला. वास्तव वेगळे आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर होते. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये चार: पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६पासून आहे, ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही हेल्पलाइन २०२२मध्ये सुरू झाली. दोन्ही गरजेचे आहेत. पण दिव्यांगत्वाच्या बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी ऑनलाइन अर्ज, जुने केसपेपर, तपासणीची तारीख आणि घरातल्या कोणाची तरी बुडालेली मजुरी, इतके सगळे आले. आजारानेच ज्याची उमेद खचली आहे, तो हे एकट्याने कसे निभावणार?

सोबतीचा उपयोग होतो का, याचे उत्तर विदर्भातच मिळाले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘संगथ’ या संस्थेने ‘विश्राम’ हा उपक्रम राबवला. गावपातळीवरचे कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. नाशिक जिल्ह्यात सुरू झालेल्या ‘आत्मीयता’ उपक्रमात गावातलेच स्वयंसेवक लोकांचे ऐकून घेत आणि त्यांना सरकारी योजनांपर्यंतही पोहोचवत. मन खचण्यामागे कर्ज, घरातली मारहाण किंवा अडकलेले निवृत्तिवेतनही असते. त्यावर नुसती गोळी पुरत नाही.

मग पैसा अडतो कुठे? २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ३१ मार्चपूर्वी पैसे संपवायचे तर वस्तू घेऊन वाटणे सर्वांत सोपे. वर्षाच्या करारावर नेमलेली कार्यकर्ती वर्षाअखेरीस जाते आणि तिच्या भरवशावर गोळ्या घेणाऱ्याचा उपचारही सुटतो. खरे तर नियमांनुसार ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालवता येतो. प्रकल्पाच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीचा खर्चही कंपनीच्या ५ टक्क्यांच्या प्रशासकीय मर्यादेत मोजला जात नाही. म्हणजे कायद्याने हात बांधलेले नाहीत, सवयीने बांधलेले आहेत. परदेशी देणग्यांची वाट मात्र कायद्यानेच अरुंद झाली. २०२०च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला तो निधी छोट्या संस्थेकडे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५०वरून २० टक्क्यांवर आली.

संस्थांनी हिशेब द्यायलाच हवा, यात वाद नाही. काही संस्था कागदावरच असतात, हेही खरे. पण तालुक्यातल्या पाच-सात जणांच्या संस्थेकडून बड्या कंपनीसारखे अहवाल मागितले, तर तिचे निम्मे बळ कागदातच जाते. मोजायचेच तर किती जणांचे उपचार वर्षभर टिकले, किती जणांना प्रमाणपत्र मिळाले, किती जण कामावर परतले, हे मोजावे. हिशेबनिसाचा पगारही देणगीतच धरावा.

सुरुवात गावातूनही करता येईल. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावी, असा राज्याचा आदेश आहे. तो पैसा वस्तूंवर किंवा एकरकमी वाटपात संपतो का, हे ग्रामसभेत विचारायला हवे. एका ग्रामपंचायतीचा निधी तुटपुंजा असेल, पण आठ-दहा गावांनी मिळून एका प्रशिक्षित कार्यकर्त्याचा खर्च उचलण्याचा विचार व्हावा. राज्यात २०२२पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. त्याने अशा खर्चासाठी स्पष्ट सूचना काढाव्यात आणि हा निधी कसा वापरायचा हे ठरवताना दिव्यांगांच्या, मानसिक आजारातून गेलेल्यांच्या संघटनांना बैठकीत बसवावे. शिबिरे होऊ द्यात. पण देणगी देणाऱ्या प्रत्येकाने, मग ती कंपनी असो वा घरगुती देणगीदार, संस्थेला एक प्रश्न जरूर विचारावा: पुढची तीन वर्षे तुमच्या कार्यकर्त्यांचा पगार कुठून येणार आहे?