चर्चमधली हजेरी

मंडळी, ‘अमके हल्ली रविवारी चर्चमध्ये दिसत नाहीत, श्रद्धा पातळ झाली वाटतं,’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. ही हजेरी घ्यायला तुम्हाला नेमलं कुणी? येशूने तर लोकांनी बघावं म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करणाऱ्यांना ढोंगी ठरवलं आणि दार लावून प्रार्थना करायला सांगितलं.

आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचं बघा. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावल्या. तरी १९१७ मध्ये मिशन सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेवली. ज्याने बाप्तिस्म्याची एवढी किंमत मोजली, त्यानेच माणसाचं मन आधी पाहिलं!

मग बाहेर काहीच दिसू नये का? दिसावं की! शेजारणीच्या आजारपणात दिसावं, मोलकरणीच्या पगारात दिसावं. मत्तयाच्या २५व्या अध्यायात न्यायाच्या वेळी हिशेब होतो तो भुकेल्याला जेवू घातलं का, आजाऱ्याकडे गेलात का, याचा. पुढच्या बाकावर कोण बसलं होतं, हे तिथे कुणी विचारत नाही.