यंत्रमानवासमोर जवान

भालकी-औरादच्या शिवारातल्या पोरांना डोक्यावरून गर्जत जाणारी हॉक विमानं नवी नाहीत. बीदरच्या तळावर हवाई दलाचे लढाऊ वैमानिक घडतात. अशा पोराच्या हाती कॉमिक पडलं, की परग्रहावरचे महाकाय यंत्रमानव आणि त्यांच्यापुढे ठाकलेला एकटा जवान त्याला लगेच आपलासा वाटतो.

मार्व्हल कॉमिक्सने १९८७ मध्ये चार अंकांच्या मालिकेत 'जी. आय. जो' या चित्रकथेतले सैनिक आणि ट्रान्सफॉर्मर्स हे परग्रहावरचे यंत्रमानव यांची गाठ घालून दिली. त्यात सैनिक शत्रू समजून बंबलबी या मित्र यंत्रमानवाच्याच चिंधड्या उडवतात. कथेचा जीव इथेच आहे. नेम धरण्याआधी समोरचा कोण हे ओळखण्यातच शिपायाची खरी कसोटी लागते.

मराठीत इंद्रजाल कॉमिक्सने वेताळ, मँड्रेक, बहादूर घरोघरी नेले. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले आणि ती जागा पुन्हा तशी भरली नाही. म्हणून या अंकात चित्रकथांना मोकळी पानं दिली आहेत. बसवकल्याण, आळंद, भालकीच्या मुलामुलींनो, तुमचा जवान बीदर किल्ल्याच्या बुरुजावर उभा करा, यंत्रमानव मांजरेच्या पात्रात उतरवा आणि संवाद आपल्या सीमाभागाच्या बोलीत लिहा. चित्रं पाठवा, जमलेली कथा आम्ही नक्की छापू.