इशारा अचूक, पण वाट तपासली का?

२०२३ च्या ऑगस्ट महिन्यात देशातील असंख्य मोबाइल फोन एकाच वेळी कर्कश आवाज करीत वाजले. केंद्रीय दूरसंचार विभागाने सेल ब्रॉडकास्ट पद्धतीने पाठवलेला तो नमुना संदेश होता. तो केवळ चाचणीसाठी आहे, कोणीही काही करण्याची आवश्यकता नाही, असे त्यातच म्हटले होते. अनेकांना तो उपद्रव वाटला. वैज्ञानिक पद्धतीच्या दृष्टीने मात्र ती मोलाची घटना होती. त्या संदेशाने कोणतीही नवी बातमी दिली नाही, कारण तपासली जात होती ती संदेशाची वाट.

विज्ञानाच्या सार्वजनिक सेवांमध्ये ही वाट सहसा दुर्लक्षित राहते. उपग्रह, हवामानाची प्रारूपे, महासंगणक यांवर चर्चा होते आणि व्हायलाही हवी. परंतु त्यातून निघालेले अनुमान नागरिकाच्या हाती पोहोचते ते बहुतेकदा एखाद्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून. चक्रीवादळ किनाऱ्याकडे सरकू लागते, तेव्हा एरवी काही हजार लोक पाहतात ते पान लाखो लोक एकाच तासात उघडतात. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता १८ वर्षांवरील सर्वांसाठी कोविन संकेतस्थळावर लसीची नोंदणी खुली झाली. सुरुवातीला सेवा अडखळली, पण त्या एका दिवसात एक कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली. गर्दी कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार, हे त्या दिवशी आधीच ठाऊक होते. वादळ आणि भूकंप एवढीही सवलत देत नाहीत.

म्हणून एक आग्रह धरायला हवा. सार्वजनिक विज्ञानसेवांनी आपल्या वेब वाहतुकीची वाट कोडच्या रूपात लिहावी, तिच्यात मुद्दाम बिघाड घडवून ती तपासावी आणि त्या तपासणीचा निष्कर्ष लोकांसमोर ठेवावा. यांतील पहिली गोष्ट आता बऱ्याच ठिकाणी रुळली आहे. खरी उणीव दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीची आहे.

ही वाट कशी असते, ते आधी पाहू. नागरिक संकेतस्थळाचे नाव टंकतो. डीएनएस ही इंटरनेटची नामसूची त्या नावाचा अंकी पत्ता देते. त्या पत्त्यावर बहुधा लोड बॅलन्सर उभा असतो. गर्दीच्या चौकातील वाहतूक पोलिसाप्रमाणे तो प्रत्येक मागणी कोणत्या सर्व्हरकडे धाडायची ते ठरवतो. त्यासाठी त्याच्याकडे क्रमांक दिलेल्या नियमांची यादी असते: नकाशांची मागणी एका सर्व्हरगटाकडे, इशाऱ्यांची दुसऱ्याकडे, उरलेले सर्व तिसऱ्याकडे. शिवाय दर काही सेकंदांनी तो प्रत्येक सर्व्हरची विचारपूस करतो. तिला हेल्थ चेक म्हणतात. सर्व्हरने ठरावीक वेळा उत्तर दिले नाही, तर त्याच्याकडे जाणारी वाट बंद होते.

पूर्वी ही सारी मांडणी एखादा अभियंता पडद्यावरील बटणे दाबून करीत असे. तो बदलून गेला की कोणता नियम का लिहिला, हे सांगणारे कोणी उरत नसे. २०१४ साली आलेल्या टेराफॉर्मसारख्या साधनांनी ही पद्धत बदलली. लोड बॅलन्सर, नियम, हेल्थ चेक, नामसूचीतील नोंदी हे सर्व मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचे. साधन त्या फाइलची तुलना स्वतःकडे नोंदलेल्या आणि प्रत्यक्ष असलेल्या मांडणीशी करते, काय बदलेल याचा आराखडा दाखवते आणि संमती मिळाल्यावर तो अमलात आणते. शोधनिबंधातील कार्यपद्धतीच्या विभागाला जे महत्त्व, तेच येथे या फाइलला आहे. दुसऱ्या माणसाला ती वाचता येते, तिच्यावर आक्षेप घेता येतो आणि तीच मांडणी पुन्हा उभी करता येते. ॲमेझॉनच्या क्लाउडचे मुंबई केंद्र २०१६ पासून आणि हैदराबाद केंद्र २०२२ पासून सुरू आहे. एका केंद्रासाठी लिहिलेली फाइल थोड्या फरकाने दुसऱ्या केंद्रात वापरून पर्यायी वाट देशातच तयार ठेवता येते.

एवढ्यावर समाधान मानले, तर मात्र फसगत होते. आराखडा निर्दोष असणे म्हणजे वाहतूक योग्य ठिकाणी पोहोचणे नव्हे. नियमांच्या क्रमाचेच उदाहरण घ्यावे. ॲमेझॉनच्या लोड बॅलन्सरमध्ये लहान क्रमांकाचा नियम आधी तपासला जातो. सर्व मागण्यांना लागू पडणारा नियम दहाव्या क्रमांकावर आणि केवळ इशाऱ्यांसाठीचा नियम विसाव्या क्रमांकावर असेल, तर विसाव्याची पाळी कधीच येणार नाही. व्याकरण अचूक, आराखडा स्वच्छ, अंमलबजावणी यशस्वी. तरीही इशाऱ्यांचे पान चुकीच्या सर्व्हरकडे जात राहील.

हेल्थ चेकचेही तसेच. विचारपूस केवळ मुखपृष्ठाची होत असेल, तर मागचा माहितीसाठा बंद पडूनही सर्व्हर 'निरोगी' ठरतो. उलट प्रत्येक विचारपुशीत माहितीसाठाही तपासला, तर तो क्षणभर मंदावताच सगळे सर्व्हर एकदम 'आजारी' ठरतात. कोणता पर्याय योग्य, हे कोडचे व्याकरण सांगत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो.

काळाचा हिशेबही असाच आहे. समजा, मुख्य केंद्राची विचारपूस दर ३० सेकंदांनी होते आणि सलग तीन अपयशांनंतर ते बंद पडल्याचे मानले जाते. म्हणजे निदानालाच सुमारे ९० सेकंद गेले. त्यानंतर नामसूची पर्यायी केंद्राचा पत्ता देऊ लागेल, पण जुना पत्ता ३०० सेकंद जपून ठेवण्याची मुभा असेल, तर काही नागरिक आणखी पाच मिनिटे बंद दारावरच थडकत राहतील. एकूण झाली साडेसहा मिनिटे. विचारपूस १० सेकंदांवर आणि जपणुकीची मुदत ६० सेकंदांवर आणली, तर हाच काळ दीड मिनिटावर येतो. प्रत्यक्षात काही यंत्रणा जुना पत्ता मुदतीपलीकडेही जपतात. म्हणून कागदावरील दीड मिनिट घड्याळ लावून मोजल्याशिवाय खरे मानू नये. मोजमापाविना आलेल्या आकड्यावर भौतिकशास्त्राचा कोणताही विद्यार्थी विश्वास ठेवणार नाही. येथे तरी का ठेवावा?

मोठ्या कंपन्यांचे अनुभव हेच सांगतात. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या वेळी जाळ्याची क्षमता पाहण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेने डेटा केंद्रांना जोडणारे मुख्य जाळेच तुटले. अशी आज्ञा अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणी-साधनात दोष होता. त्यानंतर कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांनी, डेटा केंद्रांशी संपर्क होत नाही त्याअर्थी आपली जोडणीच बिघडली आहे असे मानून, इंटरनेटवर जाहीर केलेले आपले मार्ग स्वतःच मागे घेतले. नियमाने नियमाप्रमाणेच काम केले. फक्त ती परिस्थिती नियम लिहिणाऱ्याने कल्पिली नव्हती. कंपनीने पुढे दिलेल्या स्पष्टीकरणातील दोन गोष्टी बोलक्या आहेत. बिघाडाच्या मोठ्या तालमी ती नियमित घेत असे आणि सेवा सावकाश पूर्ववत करताना त्यांचा उपयोग झाला. मात्र जगभरचे मुख्य जाळेच एकदम तुटण्याची तालीम कधी झालेली नव्हती.

दुसरे उदाहरण २० ऑक्टोबर २०२५ चे, ऐन दिवाळीतले. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात नामसूचीच्या नोंदी बदलणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेचे दोन घटक एकाच वेळी काम करीत होते. एक मागे पडला आणि त्याने जुनी योजना लागू केली. दुसऱ्याने तीच योजना कालबाह्य ठरवून पुसून टाकली. परिणामी एका महत्त्वाच्या माहितीसाठा-सेवेची नोंद रिकामी झाली आणि ती माणसांना हाताने दुरुस्त करावी लागली. स्वयंचलन माणसाच्या विसराळूपणाला आवर घालते, पण विचारातली चूक तितक्याच तत्परतेने अमलातही आणते.

अशा प्रश्नावर विज्ञानाने स्वतःच्या अंगणात एक उत्तम उपाय शोधलेला आहे. सप्टेंबर २०१० मध्ये लायगो आणि व्हर्गो या गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या प्रकल्पांच्या शोधकांमध्ये एक संकेत उमटला. शास्त्रज्ञांनी महिनोन्‌महिने विश्लेषण केले, शोधनिबंधाचा मसुदाही सिद्ध केला. मार्च २०११ मध्ये बंद लिफाफा उघडला, तेव्हा कळले की तो संकेत मोजक्या लोकांनी गुपचूप घातलेला, कृत्रिम होता. कोणाचीही फजिती करण्याचा त्यात हेतू नव्हता. उपकरणापासून निबंधापर्यंतची संपूर्ण साखळी काम करते की नाही, हे खऱ्या लहरीची वाट पाहत न बसता त्यांना जाणून घ्यायचे होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरी लहर आली, तेव्हा ती साखळी कसाला उतरलेली होती. महाराष्ट्रातील हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाला हाच वारसा मिळणार आहे.

वेब वाहतुकीच्या वाटेसाठी हे तत्त्व तीन पायऱ्यांत उतरवता येते. पहिल्या पायरीवर कोड चालवण्याआधीच त्यावरच्या अटी तपासायच्या: इशाऱ्यांचा नियम सर्वसाधारण नियमाच्या आधी आहे ना, पर्यायी केंद्राची नोंद आहे ना. टेराफॉर्ममध्ये ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीपासून अशा चाचण्यांची सोय अंगभूत आहे. दुसऱ्या पायरीवर त्याच फाइलमधून तात्पुरती, छोटी प्रतिकृती खरोखर उभी करायची, तिच्याकडे नाना प्रकारच्या मागण्या धाडायच्या, प्रत्येक मागणी अपेक्षित सर्व्हरवर पोहोचली का ते पाहायचे आणि मग ती मोडून टाकायची. चुकीच्या मागण्याही धाडायच्या, कारण जे नाकारले जायला हवे ते नाकारले जाते का, हेही तपासायला हवे. तिसऱ्या पायरीवर प्रत्यक्ष सेवेत, जाहीर केलेल्या वेळी, एक सर्व्हर किंवा एक संपूर्ण केंद्र बंद करून सावरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला पैशाचा आणि मनुष्यबळाचा. तात्पुरती प्रतिकृती तासाभरात मोडली, तर तिचे भाडे थोडेच येते. मनुष्यबळाचा खर्च मात्र खरा आहे. म्हणूनच प्रत्येक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळाला दोन केंद्रे लागत नाहीत. क्वचित बदलणारी पाने साध्या स्थिर स्वरूपात ठेवणे स्वस्त आणि अधिक भरवशाचे असते. ही सारी शिस्त हवी ती जेथे विलंबाची किंमत जिवाने मोजावी लागते तेथे. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा: वाट जाहीर केली, तर हल्लेखोराला नकाशाच मिळेल. हे टाळता येते. नियम आणि पत्ते गुप्त ठेवून तालमीचा निष्कर्ष प्रसिद्ध करावा. कोणत्या दिवशी कोणता घटक बंद केला, सेवा किती वेळ खंडित राहिली, काय सुधारले, एवढे लोकांना पुरेसे आहे.

ही अपेक्षा भारताला अपरिचित नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत २००७ साली त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. हिंदी महासागराभोवतीचे देश 'आयओवेव्ह' नावाच्या सामूहिक तालमीत काल्पनिक भूकंप मानून इशाऱ्याची साखळी तपासतात, त्यात भारताचाही सहभाग असतो. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ च्या फायलिन वादळात सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या काही डझनांवर राहिली. हा फरक केवळ चांगल्या अनुमानाने पडला नाही. अनुमान गावापर्यंत पोहोचवण्याची वाट बांधली गेली आणि सरावाने पक्की झाली, म्हणून पडला. त्या वाटेत आता लोड बॅलन्सर आणि नामसूचीही आल्या आहेत. त्यांनाही तालमीत सामील करून घ्यावे, एवढेच मागणे आहे.

विद्यार्थ्यांना याची सुरुवात करण्यासाठी कोणत्याही परवानगीची गरज नाही. दोन छोटे सर्व्हर, एक लोड बॅलन्सर आणि काही ओळींचा कोड पुरतो. दर सेकंदाला एक मागणी धाडत राहावे, मध्येच एक सर्व्हर बंद करावा आणि किती मागण्या वाया गेल्या ते मोजावे. हाच प्रयोग वीस वेळा करून आलेख काढावा. सरासरी आणि विचलन दोन्ही हाती आले की, सेवा भक्कम आहे या विधानाला प्रथमच अर्थ येईल. आणि सार्वजनिक सेवांकडे पाहताना असा आलेख मागण्याची सवयही लागेल. समुद्रावर निघण्यापूर्वी फोनवर हवामान पाहणाऱ्या मच्छीमाराला तो आलेख वाचायचा नसतो. पान उघडते की नाही, एवढेच त्याला हवे असते. त्याच्या वतीने तो आलेख कोणीतरी आधीच पाहिलेला असला पाहिजे.