नोंदवहीतले नाव

दसऱ्याला अकोल्याहून भाचा आला. नवा कोरा डॉक्टर. हातावर सोने ठेवून पाया पडला आणि खिशातून एक करारपत्र काढून म्हणाला, "मामा, सही करू का?"

एका कंपनीच्या इस्पितळातली नोकरी होती. पगार भरघोस. पण नवव्या कलमापाशी मी अडखळलो. महिन्याकाठी ठरल्यापेक्षा जास्त रोगी भरती केले, तर वर बोनस! आमचे आयुष्य ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात गेले. कायद्यातले काय कळणार? शेजारच्या वकीलसाहेबांना हाक मारली.

कलम वाचून ते हसले. "गंमत पाहा प्राध्यापक. मी कुणाचा पूर्णवेळ पगारी नोकर झालो, तर मला वकिली थांबवावी लागते. हिशेबतपासणीचा व्यवसाय कंपनीने करायला १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्याने मनाई आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत साध्या व्यापारी कंपनीला डॉक्टर नोकरीस ठेवून वैद्यकी विकता येत नाही. तिथेही व्यवस्थापनाच्या नावाने कंपन्या मागल्या दाराने शिरतातच. पण पुढच्या दाराला निदान कडी आहे. आपल्याकडे तीही नाही. १९८३ साली मद्रासला अपोलो निघाले आणि मग मोठ्या शहरांतून तशी इस्पितळे निघत गेली."

"म्हणजे हे कलम चालते?"

"तसे नव्हे. रोगी मिळवून दिल्याबद्दल कमिशन किंवा बोनस घ्यायला २००२ च्या आचारनियमांची मनाई आहे. हे कलम त्याच्या अगदी उंबरठ्यावर आहे. पण ते नियम बांधतात डॉक्टरला. वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव याचे. खोडले जाईल तेही याचेच. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने इस्पितळाकडून ग्राहक म्हणून भरपाई मागता येते खरी. पण कंपनीचे नाव त्या नोंदवहीत नाहीच, तर खोडणार काय?"

भाचा गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र कोल्ह्यांनी २ रुपयांत रोगी तपासले. माझ्यानं ते होणार नाही. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर आहे."

त्याचे खोटे नव्हते. कंपनी म्हणजे राक्षस, असेही मी म्हणत नाही. हृदयावरच्या शस्त्रक्रियेची यंत्रे एकट्या डॉक्टरच्या कमाईतून येत नसतात. पगार घेण्यातही पाप नाही, मीही घेतोच. पण 'अमुक इतकी मुले नापास करा, बक्षीस देऊ' असे मला कुणी सांगितले, तर माझ्या लाल शाईवर विश्वास कोण ठेवील? आपल्याला भरती केले ते तापामुळे की ताळेबंदामुळे, एवढे तरी खाटेवरच्या माणसाला कळायला नको का?

भाच्याने नववे कलम खोडले, उरलेल्याखाली सही केली आणि पाकीट धाडून दिले. दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला, "तुझ्यापायी पोराची नोकरी गेली तर रे?"

उत्तर अजून आलेले नाही. भाऊबीजेला अकोल्यास जायचे आहे. ओवाळताना अक्काच्या चेहऱ्यावरून काय ते कळेलच.